हरकती व सूचना

मसुदा आला तिकिटांच्या गठ्ठ्यासोबत,
एकशे अठरा पानं, सुतळीनं आवळलेली.
वरून फोन : भिंतीवर लावा, मुदत तीस दिवस.
बेलमांडळी हाल्टला भिंत एकच,
तिच्यावर खडूनं लिहिलेली सकाळच्या गाडीची वेळ.
वेळ पुसली नाही मी.
शेजारी खिळ्याला टांगला कायदा,
आणि पहिल्याच दुपारी
धोट्यांच्या बकरीनं अनुक्रमणिका खाल्ली.

मी रेल्वेची नोकर नाही. कमिशनवर तिकिटं विकते,
पत्र्याखाली, एका टेबलावर, नवऱ्याच्या मागं अकरा वर्षं.
कलम दोनमध्ये शोधलं स्वतःला :
कर्मचारी म्हणजे, प्रवासी म्हणजे,
माल म्हणजे, वाघीण म्हणजे.
वाघिणीला साडेतीन ओळी होत्या.

पंचफुला उईके बोरांची टोपली टेकवून म्हणाली,
मोठ्यानं वाच ना वं, मले आयकू दे.
मी वाचलं : अलाभकारी थांबा म्हणजे...
थांबा त समजला. अलाभकारी काय असते?
ज्याच्यात फायदा नाही असा.
कोनाचा?
मी पान उलटलं. मागं तक्ता होता.
बसवाला टोपलीचं वेगळं तिकीट मागते, ती म्हणाली,
अन् टोपली टपावर. बोरं काटोलात पोचेपर्यंत लोणचं.

जिनिंगचे मुंधडा गाडीतून उतरले नाहीत,
काच खाली करून बोलले :
कलम बावीस चांगलं आहे, बाई.
स्वतःची सायडिंग, स्वतःच्या वाघिणी, गठाणी थेट बंदराला.
खोटं नव्हते बोलत.
गेल्या दिवाळीत चाळीस गठाणी उघड्या मालधक्क्यावर भिजल्या,
निंबाजी बन्सोड अर्धी रात्र ताडपत्री धरून उभा होता,
त्याची मजुरी कुठल्याच पावतीवर चढली नाही.

निंबाजीनं विचारलं, शेठ, सायडिंगवर हमाल लागतील?
काच वर जाता जाता ऐकू आलं : पाहू.

त्याचा पोरगा मात्र, आयटीआयवाला प्रफुल्ल,
म्हणाला, बाबा, तिथं फिटर लागतील. मी जाईन.
फॉर्म एकच उरला होता.
बापानं पुढच्या बाजूला अंगठा दिला, हरकत म्हणून.
पोरानं मागच्या बाजूला सही केली, सूचना म्हणून.
शाई आरपार उमटली.

फाटकावरचा तुळशीराम नेवारे शेवटी आला.
कलम सदतीस : फाटकं दुरून, यंत्रानं उघडतील.
म्हणे, ढोल्यांचा हरण्या रुळाच्या मधोमध बसते,
नाव घेऊन बोलावल्याबिगर उठत नाई.
हे लिहू?
लिहा ना जी. बैलाचं नाव बी लिहा.
मी लिहिलं. ई-मेलच्या रकान्यात
सगळ्यांनी माझंच नाव दिलं होतं.

एकोणतिसाव्या दिवशी मोजले, शहात्तर कागद.
मग तक्ता पुन्हा पाहिला,
बोट ठेवून, आडव्या ओळीत, उभ्या ओळीत :
दिवसाला पंचवीस तिकिटं असतील तर थांबा राहील.
आमची एकोणीस.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.
पंचफुलाला सांगितली.

दुसऱ्या सकाळी सहा जण ओळीत उभे,
हातात सुटे पैसे, पायात घरच्या चपला.
काटोल एक, काटोल एक, काटोल एक.
तुळशीरामनं दोन घेतली, एक हरण्याच्या नावानं.
पंचफुलानं बोरांऐवजी नुसतं तिकीटच घेतलं,
घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवलं,
आणि शेताकडं वळली.

पंचवीसच्या वर आकडा गेला. पहिल्यांदाच.
या जास्तीच्या तिकिटांवर
मलाही कमिशन मिळालं, नऊ रुपये आणि काही पैसे.
ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

गाडी आली. गार्डाला गठ्ठा दिला.
पार्सल की टपाल, त्यानं विचारलं.
हरकती, मी म्हटलं.
वजन करावं लागेल, तो म्हणाला, पण काटा नाही इथं,
आणि हातावर तोलून
अंदाजानं काहीतरी लिहून घेतलं.

एक मिनिट पूर्ण थांबली.
निंबाजी चढला, आणि नेहमीचे.
बाकीची तिकिटं फलाटावर उभी राहून
गाडी जाताना पाहत होती.